हौदाच्या पाण्यामागे: साताऱ्यातल्या एका वाड्याच्या मोजणीच्या नोंदी

3 ऑक्टोबर 2023

काकूंनी आज वाड्याची किल्ली हातात दिली. "संक्रांतीपर्यंत काय मोजायचं ते मोजा भाऊ, पुढं माझ्या हातात काही नाही," म्हणाल्या. वारस आठ, त्यातले पाच पुण्यात. बारा वर्षं अडलेली वाटणी या उन्हाळ्यात मिटली आणि जागा इमारतीसाठी द्यायची ठरली. घर पाडू नका असं सांगण्याचा मला अधिकार नाही. वरच्या मजल्यावर पाऊस आला की काकू एकट्या सात ठिकाणी पातेली मांडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पाडण्याआधी त्याची नीट नोंद व्हावी, एवढंच माझ्या हातात आहे.

आम्ही तिघं. मी पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं आरेखक होतो, कालव्यांचे आणि त्यांना फुटणाऱ्या चाऱ्यांचे नकाशे काढण्यात हयात गेली. भाची आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे. आणि आमचे सुतार मिस्त्री, वय बहात्तर, ज्यांनी या भागातल्या निम्म्या वाड्यांच्या माड्या कधी ना कधी दुरुस्त केल्यात. पेठेचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. राजवाड्याच्या पश्चिमेला, जरा चढावर, एवढं पुरे.

5 ऑक्टोबर

आज जोत्यापासून, म्हणजे घराखालच्या दगडी चौथऱ्यापासून, सुरुवात. पहिल्याच तासात भाची गोंधळली. समोरच्या दाराशी जोतं साडेचार फूट उंच, पायऱ्या सात. मागच्या परड्यात तेच जोतं जेमतेम फूटभर. तिला वाटलं टेप चुकला. टेप बरोबर होता. सातारा अजिंक्यताऱ्याच्या उत्तर उतारावर वसलंय. किल्ला दक्षिणेला, यवतेश्वराचा डोंगर पश्चिमेला, आणि गाव या दोघांच्या कुशीत कललेलं. वाडा बांधणाऱ्यानं आतली जमीन एका पातळीत आणली आणि उताराचा सगळा हिशोब जोत्यात घातला.

एकदा हे कळलं की पेठांचं चालणं कळतं. राजपथ आणि कर्मवीर पथ, म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे 'वरचा रस्ता' आणि 'खालचा रस्ता', दोन्ही पूर्व-पश्चिम, उताराला आडवे. कालव्याची आखणी अशीच करतात, समपातळी रेषा धरून. त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या मात्र दक्षिणोत्तर, पाणी पळेल तशा पळणाऱ्या. लहानपणी शाळेतून घरी जाताना आमची दमछाक याच गल्ल्यांत व्हायची, आणि सायकल पोरं पायडल न मारता खाली सोडायची.

8 ऑक्टोबर

मोजणी फुटात चालली होती, मिस्त्रींनी थांबवलं. "वाडा फुटात बांधलेला नाही, फुटात कशाला मोजता? खण मोजा."

खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. जुन्या खरेदीखतांत घराचं माप खणांतच असतं, 'दहा खणांचं घर' म्हटलं की घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला सगळं समजलं. इथे मध्यापासून मध्यापर्यंत खण 4 फूट 10 इंच भरतो, सगळीकडे, फरक फार तर अर्ध्या इंचाचा. दर्शनी बाजू सात खणी. चौक तीन खण लांब, तीन खण रुंद. सोपा दोन खण खोल. माजघर दोन खण, देवघर एक. फुटात लिहिल्यावर जे आकडे वेडेवाकडे दिसत होते ते खणात लिहिताच सरळ झाले. भाचीनं कागदावर खणाची जाळी आखली आणि संध्याकाळपर्यंत तळमजला जाळीत बसला. न बसणारी एकच भिंत निघाली, स्वयंपाकघराच्या मागची. ती पुढं कधीतरी घातलेली असणार.

सुतारांचा गज चोवीस तसूंचा. मिस्त्रींच्या आजोबांचा लाकडी गज त्यांच्या घरी आहे. आणून दाखवतो म्हणालेत.

15 ऑक्टोबर

घटस्थापना. काम नाही. मिस्त्री गज घेऊन आले होते, तेवढा मोजून घेतला.

21 ऑक्टोबर

भिंती. बाहेरची भिंत जोत्यावर 2 फूट 9 इंच जाड, माडीवर जाईपर्यंत 2 फूट. खाली घडीव काळा दगड, चुन्यात. त्यावर पांढऱ्या मातीचे भेंडे, म्हणजे न भाजलेल्या मोठ्या विटा, आतून बाहेरून गिलावा. ही पांढरी जुन्या गावठाणांच्या जागेवरची, चिकट आणि वाळल्यावर दगडासारखी. भिंतीच्या जाडीचा उपयोग किती केलाय ते पाहण्यासारखं आहे. तिच्यातच दिव्यांच्या दिवळ्या, लाकडी दारांच्या भंडाऱ्या, धान्याचं बळद, आणि सोप्याच्या उजव्या अंगाला तर अख्खा जिना. जिना इतका अरुंद की एका वेळी एकच माणूस चढेल. वर दार असं की खाली पाडलं की माडी बंद. चोराचिलटाची आणि लुटीची काळजी घर बांधणाऱ्यांच्या मनात होती, हे त्या दारावर लिहिलेलं आहे.

चुन्याबद्दल मिस्त्रींनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत: "भाजलेली चुनकळी विझवायची, मग घाणीत वाळूबरोबर मळायची. बैल फिरतोय, दगडी चाक फिरतंय, दिवस दिवस. त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. घाई करणाऱ्याचा चुना पहिल्या पावसात फुगतो." या वाड्यात गेल्या तीस वर्षांत जिथे जिथे सिमेंटचा गिलावा मारलाय तिथे तिथे आतली माती ओली राहून भेंडे कुजलेत. चुना श्वास घेतो, सिमेंट घेत नाही. दुरुस्ती म्हणून केलेल्या कामानंच भिंत गेली, हे पाहून जीव हळहळतो. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी निदान एवढं ऐकावं.

23 ऑक्टोबर

खंडेनवमी. काकूंनी आमचा टेप, ओळंबा, गुण्या आणि मिस्त्रींचा गज सोप्यात पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. भाचीचं लेसरचं मापयंत्रही त्यातच.

7 नोव्हेंबर

आज जुन्या राजवाड्यात गेलो. कारण दोन. एक म्हणजे आमच्या वाड्याचे सोप्यातले सुरूच्या झाडासारख्या घडणीचे खांब, कमानीच्या टोकाची केळफुलं आणि तुळयांखालचे कोरीव हस्त तिथल्या कामाशी ताडून पाहायचे होते. जुना राजवाडा साताऱ्याच्या गादीवरच्या प्रतापसिंह महाराजांच्या कारकिर्दीतला. त्याला लागून असलेला नवा राजवाडा त्यांच्यानंतर आलेल्या शहाजी उर्फ आप्पासाहेब महाराजांच्या काळचा. दोन्ही शेजारी उभे, पण जुन्यात अजून वाड्याची रीत आहे, चौक, खांबांची ओळ, ठेंगणे दरवाजे. नव्यात उंची वाढली, खिडक्या वाढल्या, इंग्रजी अमदानीचा वारा आत आला. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत साताऱ्याच्या बांधकामाची नजर कशी बदलली, ते इथे दहा पावलांत दिसतं.

दुसरं कारण आजची तारीख. 7 नोव्हेंबर 1900 रोजी भीमराव आंबेडकरांचं नाव इथल्या हायस्कुलात दाखल झालं. रजिस्टरमधला नंबर 1914, नाव 'भिवा रामजी आंबेडकर'. शाळा या राजवाड्याच्या इमारतीतच भरत आलेली, आजचं प्रतापसिंह हायस्कूल. राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. पोरांची सकाळपासून गर्दी होती.

मी खांबांची मापं घेत होतो, पण लक्ष लागेना. साताऱ्यातल्या शाळकरी दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय: बसायला घरून आणलेलं गोणपाट, आणि तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही. शिपायानं नळ सोडला तर पाणी, शिपाई नसला तर पाणी नाही. मी आयुष्यभर पाण्याचे नकाशे काढले. पाणी कुठून निघतं, किती उतारानं जातं, कुठे पोचतं. पोचलेलं पाणी कुणाच्या ओंजळीत पडतं, हा रकाना माझ्या एकाही नकाशात नव्हता.

18 नोव्हेंबर

दिवाळीनंतरचा कामाचा पहिला दिवस, आणि या सगळ्या कामाची दिशाच बदलली.

वाड्याच्या मागच्या गल्लीत नळाचं खोदकाम चाललं होतं. एका ठेकेदाराचा जेसीबी. सकाळी नऊच्या सुमारास काकूंनी हाक मारली, "भाऊ, मातीचं काहीतरी फुटलंय बघा." साडेतीन फूट खाली चुना-विटांच्या पेटीत बसवलेली भाजक्या मातीची नळी निघाली होती. खापरी नळ! एका तुकड्याचं निमुळतं तोंड दुसऱ्याच्या रुंद तोंडात, सांध्याला चुना. आतला व्यास पाच इंच. आत गाळ आणि चिवट मुळं, पण तुकडा वाजवला तर अजून खणखणीत.

मशीन चालवणाऱ्या मुलाला मी विनवलं. त्यानं मुकादमाला फोन लावला, मुकादमानं अर्धा तास दिला. त्या अर्ध्या तासात जमिनीपासूनची खोली, दिशा, उतार, सात फोटो, एक रेखाचित्र. दोन अख्खे तुकडे काकूंच्या तुळशीपाशी ठेवले. मग खड्डा बुजला आणि नवा प्लॅस्टिकचा नळ त्याच्यावरून गेला. त्या मुलानं जाताना विचारलं, हे किती जुनं असेल. संभाजी महाराजांचे पुत्र थोरले शाहू महाराज यांच्या वेळेपासून साताऱ्यात यवतेश्वराच्या डोंगरातलं पाणी असं खापरी नळांनी खेळवलेलं आहे, असं सांगितल्यावर तो गप्प उभा राहिला आणि मोबाइलवर स्वतःसाठी एक फोटो काढून घेतला.

19 ते 26 नोव्हेंबर

आठवडाभर वाडा सोडून पाण्याच्या मागे फिरलो. भाचीची कुरकुर होती, तिच्या नकाशांची तारीख जवळ आलीय. तरी आली.

गल्लीतल्या नळाची दिशा नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे. उलट चालत गेलं की चढ यवतेश्वराच्या पायथ्याकडे नेतो, महादऱ्याच्या तळ्याच्या बाजूला. तिथल्या झाडीत आणि ओघळांत पावसाचं पाणी महिनोन्‌महिने मुरत, झिरपत राहतं. पश्चिमेचा डोंगर उंच, पेठा खाली, एवढ्या भांडवलावर ही सगळी योजना. पंप नाही, वीज नाही. बंद नळीत पाणी उतारानं धावतं आणि जिथून निघालं त्या पातळीच्या जवळपास पुन्हा चढू शकतं. मात्र नळीत हवा कोंडली की वाहणं अडतं आणि दाब फार झाला तर खापर फुटतं. त्यासाठी मध्ये मध्ये उच्छ्वास बांधत, उंच चौकोनी मनोरे, ज्यातून हवा सुटते, दाब मोडतो आणि गाळ तळाशी बसतो. मग हौद. एका हौदातून पुढच्या हौदात, वरच्या पेठेतून खालच्या पेठेत.

भाचीला हे मी चहाच्या टपरीवर दोन पेले आणि एक रबरी नळी घेऊन दाखवलं. टपरीवाले मामा आमच्यापेक्षा जास्त रंगले. त्यांनीच सांगितलं की त्यांच्या घराच्या मागं एक बुजवलेला हौद आहे, वर आता कपडे धुवायचा दगड.

असे बुजलेले, झाकलेले, अर्धवट उरलेले हौद आठ दिवसांत सहा सापडले. काही नुसते नावात राहिलेत. कमानी हौद म्हटलं की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. मंगळवार तळं, मोती तळं, फुटका तलाव, ही नावं ज्या गावाच्या पत्त्यांत अजून जिवंत आहेत त्या गावाचा नकाशा पाण्यानं आखला, असं म्हणायला मी कचरणार नाही. ब्रिटिश अमदानीत कासचं तळं झालं, तिथून उघड्या पाटानं डोंगराच्या कडेकडेनं पाणी यवतेश्वरापर्यंत आणलं, तेही उताराच्याच जोरावर. शहराच्या पश्चिम भागाला आजही कासचं पाणी येतं. आमच्या घरच्या नळालाही.

सहा हौद आणि गल्लीतला नळ नकाशावर मांडला आणि आमच्या वाड्याचं एक कोडं सुटलं. परड्याच्या दाराची चौकट समोरच्या दारापेक्षा साधी, पण उंबरा दुप्पट झिजलेला का? सगळ्यात जवळचा हौद मागच्या गल्लीत होता. पाहुणे पुढून येत, पाणी मागून. त्या उंबऱ्याचा मधला भाग पावणेदोन इंच खचलाय, भरल्या घागरी घेऊन आत येणाऱ्या बायांच्या पायांनी.

11 डिसेंबर

1967 साली याच तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी लहान होतो, आईनं मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलेलं आठवतं. काकू तेव्हा या वाड्यात नव्यानं लग्न होऊन आलेल्या. "भांडी खाली आली, दिवळीतली समई पडली, आणि सगळा वाडा असा करकर वाजला जसं गलबत," त्या सांगत होत्या. गलबत त्यांनी पाहिलेलं नाही, हे त्याच पुढं म्हणाल्या.

पूर्वेकडची भिंत तेव्हा बाहेर फुगली, ती अजून फुगलेली आहे, ओळंब्यानं पाच इंच. माडी मात्र जागच्या जागी. आज मिस्त्रींनी त्याचं कारण उघडून दाखवलं. माडीचं आणि छपराचं ओझं भिंतीवर नाहीच. खांब, त्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट, असा सागवानी सांगाडा स्वतःच्या पायांवर उभा आहे, खाली दगडी उथाळ्यावर. सांधे खाचेत कूस बसवून, लाकडी खुंटीनं आवळलेले, म्हणून हादरा बसला की हलतात आणि परत बसतात. भिंत पडली तरी वाडा पडत नाही. कोयना भागात नुसत्या दगडमातीच्या भिंतींवर छप्पर टेकलेली घरं त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. तिथल्या कुणाशी बोलताना हा फरक फार जपून सांगावा लागतो.

22 डिसेंबर

कागदपत्रांचा दिवस. सिटी सर्व्हेचा उतारा मिळाला, त्याआधीचं काही मिळालं नाही. घरच्या पेटीत मोडीतले सहा कागद आहेत, वाचणाऱ्याला दाखवलेत.

12 जानेवारी 2024

12 जानेवारी 1708 रोजी शाहू महाराजांचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. आजच्या दिवशी काळाचा हिशोब लिहून टाकतो, कारण भाचीच्या अहवालात 'अठराव्या शतकातील वाडा' असं परस्पर लिहिलं गेलंय आणि ते मला मान्य नाही.

औरंगजेबाचा वेढा किल्ल्याला पडला तो 1699 च्या डिसेंबरात. चार-साडेचार महिने झुंजून 1700 च्या एप्रिलात किल्ला गेला, त्याचं नाव आझमतारा झालं, पुढं मराठ्यांनी परत घेतला. त्या काळात खाली शहर म्हणावं असं काही नव्हतं. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून 1707 साली सुटले, इथे गादीवर बसले आणि मग पायथ्याशी शाहूनगर वसलं. वारांच्या नावांच्या पेठा, यादोगोपाळसारख्या माणसांच्या नावांच्या पेठा. चाळीस वर्षं हे मराठी राज्याच्या राजधानीचं गाव होतं. 1749 च्या डिसेंबरात महाराज गेले आणि कारभाराचं वजन पुरतं पुण्याला गेलं. 1818 साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं तेव्हा गावात पुन्हा बांधकामाला जीव आला, रस्ते, राजवाडा, शाळा. 1839 साली त्यांनाच पदच्युत करून काशीला धाडलं, आणि आठ वर्षांनी ते तिथेच वारले. आप्पासाहेब महाराज 1848 साली गेल्यावर दत्तक नाकारून राज्य खालसा. म्हणजे पेठांवर बांधकामाचे दोन थर: शाहूकाळाचा आणि प्रतापसिंहकाळाचा. मध्ये सत्तर वर्षांची ओढग्रस्त.

आता आमचा वाडा. खांबांचं कोरीवकाम राजवाड्याच्या नात्यातलं, केळफुलाची पाकळी तर हुबेहूब. दगडी जोतं मात्र जुन्या वळणाचं, आणि त्याच्या पूर्व टोकाला खणाच्या जाळीत न बसणारे चार थर. मला वाटतं शाहूकाळातल्या जोत्यावर प्रतापसिंहकाळात वाडा नव्यानं उभा राहिला. छपरावर मंगलोरी कौलं आहेत, एकावर 1865 असा ठसा. भाचीनं आनंदानं टाळी वाजवली, पण 1865 हे मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल, कौल भाजल्याचं नव्हे. एवढं मात्र नक्की की हे छप्पर त्याच्या आधीचं नाही. त्याआधी इथे नळीची कौलं असणार. पोटमाळ्यात अशी नऊ कौलं मोडक्या पाळण्याखाली रचून ठेवलेली सापडलीच.

अहवालात आता एकच साल नाही, तीन थर आहेत. भाचीच्या बाईंना ते आवडेल की नाही माहीत नाही, पण तिनं स्वतः हट्टानं तसं लिहिलं.

15 जानेवारी

संक्रांत. काकूंनी रिकाम्या सोप्यात तिळगूळ दिला. देवघरातले देव कालच डब्यात भरून पुण्याला गेले होते. त्या दिवळीला हात लावून उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "समईचं काजळ तेवढं पुसू नका कुणी." किल्ली आता दुसऱ्यांकडे.

28 जानेवारी

हौदांच्या नकाशावर मला एक पट्टा सलत होता. आमच्या पेठेच्या खालच्या टोकाला, ओढ्याच्या काठची वस्ती. सहाही हौदांमधला एकही तिच्या जवळ नाही. उतार तिकडेच, पाणी नेणं सगळ्यात सोपं तिथेच, तरी नळाची रेघ तिच्या अलीकडे शंभर पावलांवर संपते. तांत्रिक कारण मला सापडेना. कारण तांत्रिक नव्हतंच.

आज तिथल्या एका आजोबांकडे गेलो, वय नव्वदीच्या आसपास. आधी कशाला आलात विचारलं. राजवाडा, वाडे, जुनी पेठ, असं मी सांगायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "वाड्याचं आम्हाला काय विचारता? आम्ही आत कधी गेलो नाही." मग मी घागरींचं विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "माझी आजी सांगायची. हौदाला हात लावायचा नाही. खाली लांब उभं राहायचं, घागर ठेवायची आणि मागं सरायचं. कुणाला दया आली तर वरनं ओतायचं. उन्हाळ्यात दुपार व्हायची. नाहीतर ओढ्यात झिरा खणायचा."

मी वहीत लिहीत होतो, हात थांबला. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 साली झाला, महाडचं चवदार तळं 20 मार्च 1927 ला. ज्या मुलाला साताऱ्यात शाळेच्या नळाला हात लावू दिला नव्हता, त्यानंच पुढं महाडला ओंजळ भरली. हे मी शाळेत शिकलोय, भाषणांत ऐकलंय. आमच्याच पेठेत, आमच्याच हौदापाशी ती जागा कुठे होती, ते आज पहिल्यांदा विचारलं. मी बासष्ट वर्षांचा आहे आणि आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे.

भाची परतताना काही बोलली नाही. घरी आल्यावर तिनं नकाशाच्या खुणांच्या रकान्यात एक नवी खूण वाढवली: 'घागर ठेवण्याची जागा'.

10 फेब्रुवारी

वाडा उतरवायला सुरुवात. मजुरांच्या आधी तासभर मिस्त्रींना आत सोडलं. तुळया खाली आल्या तेव्हा सांध्यांच्या आत, कधीच कुणाला दिसणार नाहीत अशा जागी, पटाशीनं पाडलेल्या खुणा निघाल्या. एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा आणि एक फुली. म्हणजे बांधणाऱ्या सुतारांनी सांधे आधी खाली जुळवून पाहिले, मग खूण लावून वर चढवले. चौदा सांध्यांच्या खुणा उतरवून घेतल्या. मिस्त्रींनी एकेका खुणेवरून अंगठा फिरवला. लाकूड जुन्या सागाच्या व्यापाऱ्यानं आधीच बोलून ठेवलंय. एक उथाळा आणि परड्याचा तो झिजलेला उंबरा मात्र नव्या मालकांनी मागितल्याबरोबर दिला, त्यांचे आभार मानायलाच हवेत.

25 फेब्रुवारी

मोडीतले कागद वाचून आले. पाच कागद देण्याघेण्याचे. सहाव्यात घरदुरुस्तीचा खर्च: चुना, सागवान, सुतारांची मजुरी, आणि एक ओळ, 'परड्याकडील पाण्याचे वाटेची फरशी'. तारखेचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. फरशी आम्ही मोजली होती. बावीस दगड.

3 मार्च

नकाशा पुरा झाला. एका कागदावर वाड्याची खणांची जाळी, दुसऱ्यावर पेठ: समपातळी रेषा, दोन आडवे रस्ते, सहा हौद, तुटक निळ्या रेघेनं खापरी नळाची वाट, आणि ती नवी खूण. तीन प्रती काढल्या. एक भाचीच्या कॉलेजात जाईल, एक पुण्याला काकूंना, तिसरी घेऊन आज आजोबांकडे गेलो.

त्यांनी चष्मा लावला, नकाशा खिडकीकडे धरला. आधी ओढा शोधला, मग स्वतःचं घर, मग बोट वर सरकत हौदापाशी आलं आणि आमच्या खुणेवर थांबलं.

"इथं नाही," म्हणाले. "दोन घरं अलीकडं. तिथं एक सपाट दगड होता, त्याच्यावर घागर ठेवायची. आजीनं मला दाखवला होता."

भाचीनं खोडरबर काढला. आधीची खूण पुसली आणि आजोबांचं बोट होतं तिथे नवी काढली.